शेणखत घालण्याआधी कुंडीत पारखा



दिमोनाला आमच्या इमारतीमागे एक मावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, तरी दरवर्षी टोमॅटो आणि घेवडा लावतात. गेल्या वर्षी त्यांनी विकतचे शेणखत घातले. महिनाभरात टोमॅटोचे शेंडे पिळवटले, घेवड्याची पाने द्रोणासारखी वळली. मावशी हिरमुसून म्हणाल्या, "मास्तर, आता माझ्या हातून काही व्हायचं नाही." पण दोष त्यांच्या हाताचा नव्हता.

गव्हाच्या शेतात व कुरणात रुंद पानांचे तण मारायला तणनाशक फवारतात. हिब्रूत त्याला 'कोतेल असावीम' म्हणतात. त्यातली अमिनोपायरॅलिड व क्लोपायरॅलिड ही औषधे गवताच्या जातीला इजा करत नाहीत. ते गवत किंवा पेंढा गाईने खाल्ला, तर औषध शेणात उतरते आणि खत कुजल्यावरही काही काळ टिकते. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा यांना त्याचा अगदी थोडा अंशही बाधतो. इंग्लंडमध्ये २००८ साली अनेकांच्या भाजीच्या वाफ्यांचे असेच नुकसान झाले आणि अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली.

हे औषध जमिनीतले सूक्ष्म जीव हळूहळू संपवतात. त्यांना ऊब आणि ओल दोन्ही लागतात. आमच्या नेगेवात ऊब भरपूर, पण ठिबकच्या नळीजवळची माती तेवढी भिजते. बाकीच्या कोरड्या मातीत औषध रेंगाळते.

टोमॅटोची पाने पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या रोगानेही वळतात. म्हणून घरीच परीक्षा घ्यावी. तीन कुंड्यांत चांगली माती व नवे खत मिसळून भरा, तीन कुंड्यांत नुसती चांगली माती. प्रत्येकीत घेवड्याचे चार दाणे पेरा. खाली वेगळ्या बशा ठेवा, म्हणजे एकीचे पाणी दुसरीत जाणार नाही. तीन-चार आठवडे थांबा. फक्त खताच्या कुंड्यांतली पाने वाकडी आली, तर ते खत वापरू नका.

खत आधीच घातले असेल, तर माती खणून उलटीपालटी करा, सगळीकडे ओल ठेवा आणि वर्षभर त्या जागी मका लावा. बिघडलेली रोपे खताच्या खड्ड्यात टाकू नका. पुढच्या वर्षी त्याच मातीत पुन्हा घेवडा पेरून पाहा.

लहानपणी अलिबागकडे आम्ही शेणखताला सोने समजत होतो. गाय काय खाते, ते डोळ्यांसमोर असे. आता ते विचारावे लागते.

मावशींनी यंदा मका लावला आहे. कुंड्यांतला घेवडा मात्र रोज सकाळी पाहतात.