गाडीचा ‘पिक-अप’ व पेडलाची पेटी

‘गाडीस पिक-अप नाहीं’ ही तक्रार आजकाल आपल्या भागांतील बैठकींत पाऊसपाण्याच्या गोष्टींइतकीच ऐकूं येते. चकलांब्याहून गेवराईस निघालेला गृहस्थ असो, कीं तेथून पुढें सोलापूर-धुळें महामार्गास लागून लांबचा पल्ला गांठणारा असो, पाय दाबतांच गाडीनें झेप घ्यावी अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. आणि ती पुरी झाली नाहीं, कीं उपाय विचारीत तो शहरांतील सुट्या सामानाच्या दुकानीं जातो. तेथें त्यास तळहातावर मावेल अशी एक पेटी दाखविण्यांत येते. तिचें नांव थ्रॉटल कंट्रोलर. किंमत कांहीं हजार रुपये. पेडलाजवळील तारेचा जोड सोडवून मध्यें ही पेटी बसविली, कीं गाडी नवी होते, असें दुकानदार सांगतो. विशेष हें कीं, गिऱ्हाईक एक फेरी मारून परत येतें तें बहुधा खूष होऊनच येतें.

त्यास आलेला अनुभव खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. गाडी खरोखरच निराळी चालते. मात्र ती अधिक जोरांत चालते, हा त्यानें काढलेला अर्थ चुकीचा आहे. आणि तो कसा, हें समजण्यास पायापासून इंजिनापर्यंतचा मार्ग एकदां नीट पाहिला पाहिजे.

मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आपल्या वडीलधाऱ्यांस चांगली परिचित असेल. तसल्या जुन्या गाड्यांत पेडल व कार्ब्युरेटर यांची सरळ यांत्रिक जोडणी असे. पेडल दाबलें, कीं कार्ब्युरेटरमधील झडप त्या मानानें उघडे, हवा आंत शिरे, आणि तिच्याबरोबर पेट्रोल ओढलें जाई. चालकाचा पाय व ती झडप यांच्यामध्यें कोणी तिसरा नव्हता. अशा गाडीस ही पेटी बसतच नाहीं; कारण तिनें ज्यांत ढवळाढवळ करावयाची, तो विजेचा संदेशच तेथें नाहीं.

१९८७ सालीं जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें आपल्या बारा सिलिंडरांच्या मोटारींत ही यांत्रिक जोडणी काढून तिच्या जागीं विजेची योजना आणली, आणि पुढें हळूहळू सर्वत्र तीच रूढ झाली. आजच्या गाडींत पेडल हें केवळ अर्जदार आहे. पाय किती दाबला, हें पेडलाच्या बुडाशीं बसविलेलें संवेदक मोजतें व तितक्या व्होल्टचा संदेश इंजिनाच्या संगणकाकडे धाडतें. संगणक तो अर्ज वाचतो. इंजिनाचे फेरे किती, हवा किती, उष्णता किती, गिअर कोणता, हें पाहतो. आणि मग पेट्रोलची गाडी असेल तर झडप किती उघडावी, व डिझेलची असेल तर तेल किती फवारावें, हें ठरवितो. या कामीं एक संवेदक पुरेसें नाहीं, म्हणून दोन ठेवतात. दोहोंचे व्होल्ट निरनिराळे, परंतु एकमेकांशीं ठराविक प्रमाणांत असतात. तें प्रमाण बिघडलें, कीं संगणक संशय घेऊन गाडीचा जोर आपण होऊन कमी करतो.

आतां आपली पेटी या मार्गावर कोठें बसते? पेडल व संगणक यांच्या अगदीं मध्यें. तिचें काम अर्जनविसाचें. अर्जदारानें वीस मागितले, तर ही अर्जांत चाळीस लिहिते. पन्नास मागितले, तर ऐंशीं लिहिते. दोन्ही संवेदकांचे आंकडे ती सारख्याच हिशेबानें बदलते, म्हणून संगणकास संशय येत नाहीं. पण अर्जदारानें शंभर मागितले, म्हणजे पेडल पुरतें तळाशीं दाबलें, तर? तर तीही शंभरच लिहिते, कारण शंभरांच्या वर आंकडाच नाहीं. सगळें मर्म या एका गोष्टींत आहे. खजिन्यांत जेवढें होतें तेवढेंच आहे. मागण्याची रीत तेवढी बदलली.

विद्यार्थिमित्रांनीं घरच्या पाण्याच्या टाकीचें उदाहरण घ्यावें. नळाची चकली चार वेढे फिरविल्यावर जितकें पाणी येतें, तितकेंच एका वेढ्यांत येईल अशी चकली कोणी बसवून दिली, तर प्रथम हात लावतांच धो धो पाणी पाहून आपण चकित होऊं. परंतु टाकीची उंची तीच, नळाचें भोंकही तेंच. बादली भरण्यास पूर्ण उघड्या नळास जितका वेळ लागत होता, तितकाच आतांही लागेल. शिवाय झारीनें घालावें तसें रोपास हळूच पाणी घालावयाचें झाल्यास नवी चकली त्रासच देईल.

कोणी विचारील, कीं मग कारखानदारानेंच पेडल असें मंद कां ठेवलें? त्यास सबळ कारणें आहेत. इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातांना वाटेंत अनेक दांते व सांधे लागतात, आणि प्रत्येकांत थोडी ढील असते. जोर एकदम आला, तर ही ढील धक्क्यानें भरते व गाडी हिसका खाते. तो टाळण्यासाठीं संगणक मागणी थोडी थोडी पुरी करतो. दुसरें कारण धुराचें. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. अशा ठिकाणीं गाडी फिरत्या रुळांवर ठराविक वेळापत्रकानें चालवून तिचा धूर मोजतात. मागणी एकाएकीं उसळली, कीं हवा व इंधन यांचा मेळ क्षणभर चुकतो, आणि धूर वाढतो. हें शमविण्याचें काम संगणकाच्या आंत होतें. पेटी मात्र संगणकाच्या बाहेर, अलीकडे बसते. म्हणजे फुगविलेला अर्जही त्याच चाळणींतून जातो.

आपल्याकडे डिझेलच्या गाड्या पुष्कळ, म्हणून त्यांच्याविषयीं दोन शब्द अधिक. यांत टर्बो नांवाचा पंखा असतो. तो इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूनें फिरतो व हवा आंत कोंबतो. इंजिनाचे फेरे कमी असतां वायूच थोडा, म्हणून पंखा मंद. पंखा मंद म्हणून हवा थोडी. आणि हवा थोडी असतां तेल अधिक फवारलें तर काळा धूर निघेल, म्हणून संगणक तेलही आंखडतो. चौथ्या गिअरमध्यें रेंगाळत असलेली गाडी पाय दाबूनही क्षणभर ढिम्म राहते, ती यामुळें. एक गिअर खालीं घेतला, कीं फेरे वाढतात व पंखा जागा होतो. या उपायास पैसा पडत नाहीं. आणि पेटीस तो करतां येत नाहीं.

हिशेबानेंही पाहूं. गळिताच्या हंगामांत उंसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशीं २० किलोमीटर वेगानें चालला आहे, व आपली गाडी ६० च्या वेगानें त्यास मागें टाकीत आहे, असें समजा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी व पुढचें-मागचें अंतर मिळून ५० मीटर अधिक कापावयाचे आहेत. दोहोंच्या वेगांतील फरक ताशीं ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. तेव्हां साडेचार सेकंद लागतील. तेवढ्यांत आपली गाडी ७५ मीटर जाईल. समोरून ६० च्याच वेगानें कोणी येत असेल, तर तोही ७५ मीटर येईल. म्हणजे निदान दीडशें मीटर रस्ता मोकळा हवा, आणि तोही गाडीस आधींच ६० चा वेग असेल तर. अशा प्रसंगीं चालक पेडल तळाशीं दाबतोच. आणि तळाशीं दाबलेल्या पेडलास पेटी कांहींच देत नाहीं. ‘आतां गाडीला पिक-अप आला’ या भरंवशावर जो शंभर मीटरांत ट्रॅक्टर ओलांडूं पाहील, त्याचें काय होईल, हें सांगावयास नको.

उलट बाजूस गांवांतील चाल पाहावी. शाळा सुटण्याच्या वेळीं, बाजाराच्या दिवशीं, शेळ्यामेंढ्यांच्या कळपांतून गाडी काढतांना पेडलाचा पहिला पाव भागच कामास येतो, आणि पेटीनें नेमका तोच तिखट करून ठेवलेला असतो. वरील उदाहरणांत पहिल्या वीस भागांत पायाची एक रेघ इंजिनाकडे दोन रेघा होऊन जाते. खड्ड्यांत गाडी आपटली, पाय थोडा हलला, तर पूर्वी जो हिसका बसे त्याच्या दुप्पट मागणी आतां होते. नवशिक्या मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, असें मला आग्रहानें वाटतें.

तथापि पेटीचा कोठेंच उपयोग नाहीं, असेंही नाहीं. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत कोणता गिअर धरावा, हें संगणक पेडलाच्या मागणीवरूनही ठरवितो. मागणी फुगली, तर तो खालचा गिअर अधिक वेळ धरील, व अर्ध्या पायानेंही गाडी चपळ भासेल. तेल मात्र त्या मानानें जाईल. कांहीं गाड्यांचें पेडल मुळांतच इतकें सुस्त असतें, कीं त्यामुळें चालक खरोखर कंटाळतो. त्यास पाय कमी दाबावा लागणें ही सोय आहेच. मात्र नव्या गाड्यांत कारखानदार स्वतःच असे प्रकार देतात. रांजणगांवीं तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या अनेक गाड्यांत इको, सिटी व स्पोर्ट हे तीन प्रकार आहेत. २०२१ सालीं आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल गाड्यांत झिप, झॅप व झूम असे होते. हे प्रकार संगणकाच्या आंतून काम करतात, म्हणून ते पेडलाखेरीज इतरही गोष्टी बदलूं शकतात. ज्याच्या गाडींत असलें बटण आहे, त्यानें तें आधीं दाबून पाहावें.

कोणास प्रत्यक्ष पाहावयाचेंच असेल, तर परवानाधारक वडील माणसानें मोकळ्या सरळ रस्त्यावर, एकाच गिअरमध्यें, एकाच वेगापासून पेडल पुरतें दाबावें, आणि ठराविक वेगास पोंचण्यास लागणारा वेळ शेजारच्यानें मोजावा. पेटी बंद ठेवून तीनदां, चालू ठेवून तीनदां. व चढउताराचा फरक जावा म्हणून दोन्ही दिशांनीं. अर्ध्या पायाच्या चालीवर निकाल देऊं नये, कारण अर्धा पाय म्हणजे किती, हेंच पेटीनें बदललेलें असतें. बसविण्यापूर्वी वॉरंटीच्या कागदांत बाहेरील वीजजोडणीविषयीं काय लिहिलें आहे, तेंही वाचावें.

आणि गाडी पूर्वी चपळ होती व आतां सुस्त झाली असेल, तर तो बिघाड आहे. त्यावर पेटी बसविणें म्हणजे तापावर अत्तर लावणें. धुळीनें भरलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच, हवा कमी असलेले टायर, टर्बोची चिरलेली नळी, घासत राहणारा ब्रेक, यांपैकीं काय आहे तें चांगल्या मेकॅनिककडून पाहून घ्यावें. आपल्या पांढरीच्या रस्त्यांवर फिल्टर पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीपूर्वींच भरतो. त्याच भेटींत पेडलाखालची मॅटही पाहावी. अमेरिकेंत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशी मोठी ओरड झाली, तेव्हां नासा या संस्थेच्या तज्ज्ञांनीं त्यांच्या विद्युत्‌रचनेची कसून तपासणी केली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत विजेचा दोष आढळला नाहीं. जीं कारणें ठरलीं तीं दोन होतीं, चिकटून बसणारें पेडल आणि त्यांत अडकणारी पायाखालची मॅट.