झिरो माईलचा दगड आणि आकाशातली मोजणी

नागपूरच्या सीताबर्डीत विधानभवनाच्या नजीक, चार घोड्यांच्या शिल्पाशेजारी जो वालुकाश्माचा स्तंभ उभा आहे, तो हिंदुस्थानचा भौगोलिक मध्यबिंदू असून देशातील सर्व अंतरे तेथूनच मोजली जातात, ही समजूत शाळेच्या सहलीपासून पाहुण्यांना गाव दाखवण्याच्या फेरीपर्यंत इतक्या विश्वासाने सांगितली जाते, की तिची शहानिशा करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. स्तंभाच्या षट्कोनी चौथऱ्यावरील अक्षरे वाचली तर मात्र निराळीच हकीकत समजते. हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नागपुरातून निघणाऱ्या रस्त्यांवरची ठाणी आणि त्यांची मैलांतील अंतरे तेथे कोरलेली आहेत. दिल्ली, मुंबई किंवा कलकत्ता यांचा उल्लेख नाही. मध्यबिंदू तर सरहद्द कोणती धरावी यावर अवलंबून असतो, आणि आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदीनजीक मानला जातो. १८०२ साली मद्रासेस पायारेषा मोजून विल्यम लॅम्टनने जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले, त्याचाही मूलबिंदू पुढे सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे मुक्रर झाला, सीताबर्डीस नव्हे. लॅम्टन मात्र खरोखरच नागपूरकडे निघाला होता. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला आणि त्याची कबर तेथेच आहे.

मग या जागेचे महत्त्व काही उणे होते काय? माझ्या मते ते वाढते. कारण याच आवारात १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा उच्चतादर्शक दगड आहे, आणि त्याचा संबंध अंतराशी नसून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी आहे. येथली नोंद १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. मुंबईचे अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टण, कराची आदी नऊ बंदरांतील भरतीओहोटीच्या दीर्घ निरीक्षणांतून समुद्राची सरासरी पातळी ठरवून, तेथून दुर्बीण आणि खुणांची पट्टी घेऊन, मागच्या पट्टीचे एक वाचन, पुढच्या पट्टीचे एक वाचन, दोहोंची वजाबाकी, आणि पुन्हा दुर्बीण उचलून पुढे, अशा रीतीने शेकडो कोस चालत ज्या माणसांनी ती पातळी विदर्भाच्या पठारापर्यंत आणून सोडली, त्यांच्या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावे असेच ते काम आहे. या साऱ्या जाळ्याचे पहिले एकत्रित समायोजन १९०९ साली पूर्ण झाले.

येथेच दुसरा गैरसमज उद्भवतो, आणि तो अभियंत्यांनाही चकवतो. उपग्रहांवरून स्थान सांगणारे यंत्र हाती आले असता हा जुना दगड निरुपयोगी झाला, असे मानण्याकडे कल असतो. परंतु याच दगडापाशी तसे यंत्र उभे केले आणि त्याची कच्ची उंची वाचली, तर ती ३११ मीटर येणार नाही; अडीचशेच्या आसपास येईल. यंत्र बिघडलेले नसते. उपग्रहाची गणना पृथ्वीच्या एका गुळगुळीत, कल्पित विवर्तुळजापासून होते, तर दगडावरची उंची समुद्रपातळीपासून. आणि समुद्रपातळी गुरुत्वाकर्षणाच्या असमानतेमुळे कोठे वर तर कोठे खाली असते. भारतीय उपखंडाच्या बहुतेक भागाखाली ती त्या कल्पित पृष्ठाच्या खालीच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस महासागरात हा खळगा शंभर मीटरांहूनही खोल जातो, आणि नागपुरास तो पन्नास मीटरांहून अधिक भरतो. कालव्याचा उतार आखताना पाणी गुरुत्वाकर्षणाचा हुकूम पाळते, विवर्तुळजाचा नव्हे. म्हणून ही दुरुस्ती केल्यावाचून उपग्रहाच्या उंचीवर पाट काढणे धोक्याचे.

आपला भ्रमणध्वनी उपग्रहाला विचारतो आणि उपग्रह उत्तर देतो, म्हणजे उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळतो, हीही अशीच एक रूढ समजूत. वस्तुतः सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील ते उपग्रह आपापली वेळ अखंड प्रसृत करीत असतात, आणि खालचे यंत्र ती केवळ ऐकून, विलंबावरून, आपले स्थान स्वतःच काढते. एका मायक्रोसेकंदात ही लहर तीनशे मीटर जाते. त्यावरून घड्याळाच्या अचूकतेची मातब्बरी लक्षात यावी. उघड्या मैदानात फोनची चूक काही मीटरांची असते. परंतु व्हरायटी चौकातून मोदी नंबर ३ च्या गल्लीत शिरावे, तर लहर थेट न येता समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून येते, तितकी अधिक वाट चालते, आणि नकाशावरचा निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत जाऊन बसतो. मोजणीदाराच्या यंत्राचा अँटेना रुंद, जड, खालून धातूच्या तबकडीने झाकलेला असतो, तो जमिनीवरून व आजूबाजूवरून परतणाऱ्या लहरी अडवण्यासाठी. हे यंत्र, ज्याला आता मोजणीच्या कचेरीतही रोव्हर म्हणतात, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीचे अंशही मोजते, आणि राज्यभर उभारलेल्या स्थिर संदर्भकेंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते.

अँटेनाविषयीचा आणखी एक भ्रम जाता जाता निवारावा. मनोऱ्याची उंची ही शक्तीची खूण नव्हे. मोबाईलचा मनोरा उंच असतो तो दृष्टिरेषा मिळावी म्हणून. प्रसारण करणारी पेटी त्याच्या टोकाशी निराळी असते. मध्यम लहरींच्या आकाशवाणीत मात्र बहुधा उभा खांबच अँटेना असतो. १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपुरास बसवलेले एक हजार किलोवॉटचे प्रक्षेपक यंत्र १५६६ किलोहर्ट्झवर चाले. त्या लहरीची लांबी १९१ मीटर भरते, आणि तिचा चतुर्थांश अवघा ४८ मीटर. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरचा लौकिक येथे खराच कामी आला, कारण रात्रीच्या वेळी या एका केंद्राचा आवाज देशाच्या मोठ्या भागात पोहोचे.

राहिला दूरसंवेदनाचा विषय, ज्याची मातब्बर कार्यालये याच शहरात आहेत: १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, इस्रोचे प्रादेशिक केंद्र, आणि मृदासर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था. त्यांच्या नकाशांवर काटोल-वरुडकडचा मुलूख लालभडक दिसला की पाहणाऱ्याला तेथे दुष्काळ किंवा वणवा असल्याचा भास होतो. खरी गोष्ट उलट आहे. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते, आणि त्या प्रकाशाला चित्रात लाल रंग देण्याचा शिरस्ता आहे. म्हणून जितके गडद लाल, तितके जोमदार हिरवे. उपग्रह प्रत्येक झाड पाहतो, हेही खरे नाही. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या नेहमीच्या लिस-३ संवेदकाचा एक चित्रबिंदू २३.५ मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठ्यांचा असतो. सहा मीटरांवर लावलेल्या संत्र्याच्या बागेतील पंधरा-एक झाडे मिळून त्यात एकच रंग उमटतो, आणि त्यातले एखादे झाड डिंक्याने वाळत असेल तर ते त्यात विरून जाते. शिवाय तोच संवेदक त्याच जागेवर २४ दिवसांनी येतो, आणि आषाढ-श्रावणात मध्ये ढग आले तर ती फेरीही वाया जाते. तेव्हा ढगांतून पार होणाऱ्या रडारचा आश्रय घ्यावा लागतो. जमिनीखालचे पाणी तर कोणताच उपग्रह छायाचित्रात दाखवत नाही. खडकांतील भेगांच्या रेषा, मातीचा ओलावा, उन्हाळ्यातही टिकलेली हिरवळ, यांवरून भूगर्भशास्त्रज्ञ अनुमान बांधतो, आणि ते अनुमान शिवारात जाऊन पडताळल्याखेरीज बोअर मारण्याचा सल्ला जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

या सर्वांत कास्तकाराला सर्वाधिक महाग पडणारी चूक बांधाची आहे. फोनवरील उपग्रहचित्रावर गटाच्या रेषा पाहून शेजाऱ्याने दोन हात जमीन दाबली असा दावा पुष्कळजण करतात, आणि पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालते. त्या रेषा जुन्या गावनकाशावरून आणलेल्या असतात, चित्राचे आणि त्यांचे जुळणे काही मीटरांनी चुकू शकते, आणि बांध स्वतः हातभर रुंद असतो. अशी तक्रार असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यावा, मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांसह स्वतः बांधावर हजर राहावे, आणि मोजणीनंतर ‘क’ प्रत मागून घ्यावी.