स्थलांतरित कुटुंब आणि कर्णबधिर मूल

१७ एप्रिल १९७६ रोजी दिल्लीलगत, यमुनेच्या पूर्वेस, एक नवी औद्योगिक नगरी उभारण्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून त्या नगरीला नोएडा हे नाव पडले. अशी नगरी मुख्यत्वे बाहेरून आलेल्या माणसांनीच भरत असते. बिहार, बंगाल, उत्तराखंड यांप्रमाणे महाराष्ट्रातूनही नोकरीच्या निमित्ताने कुटुंबे तेथे जातात. घरात मातृभाषा, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी अशा वातावरणात त्यांची मुले वाढतात. ऐकू येणारे मूल या तिन्ही भाषा खेळता खेळता उचलते. परंतु ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाच्या वाट्याला तिन्हींपैकी एकही भाषा पुरतेपणी येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. यातील बालकांचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे, कारण कर्णबधिर मुले बहुतांशी ऐकू येणाऱ्या मातापित्यांच्या पोटी जन्मास येतात. अमेरिकेतील पाहणीत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आढळले आहे. म्हणजेच मुलाला जी भाषा डोळ्यांनी सहज ग्रहण करता येईल, ती त्याच्या घरात कोणालाच येत नसते.

स्थलांतरित कुटुंबात बधिरत्व ओळखण्यासही विलंब होण्याचा संभव असतो. मूल बोलत नाही असे दिसताच, ‘नव्या गावातील नव्या भाषेमुळे ते गोंधळले असेल’, असे समाधान घरचे लोक करून घेतात. आजी, मावशी, शेजारीण अशी जाणती माणसे दूर राहिलेली असतात. दवाखान्यात काय विचारावे आणि कोणत्या भाषेत विचारावे, हीही अडचण असते. हा विलंब महागात पडतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेले एक संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बालकांचे बधिरत्व सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या बालकांपेक्षा स्पष्टपणे पुढे असल्याचे त्यात दिसून आले. म्हणून मूल आवाजाकडे वळत नसेल, तर भाषांच्या संख्येला दोष न देता प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घेणे आवश्यक ठरते.

पूर्वी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणात ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्यावर फार भर असे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी केवळ वाचिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्याचा प्रभाव जगभर दीर्घकाळ राहिला. या पद्धतीची मर्यादा मराठीच्या एका साध्या उदाहरणावरून कळते. ‘बाळ’, ‘पाळ’ आणि ‘माळ’ हे तीन शब्द उच्चारताना ओठ जवळजवळ सारखेच हलतात. फरक असतो तो आवाजात, आणि नेमका तोच त्या मुलापर्यंत पोहोचत नाही. शिवाय नागपुरात मराठी ओठ वाचण्यास कष्टाने शिकलेले मूल नोएडात आले, की त्याला हिंदी ओठांपुढे पुन्हा प्रारंभ करावा लागतो.

भारतीय सांकेतिक भाषेच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी होते. ही भाषा म्हणजे हिंदीचे किंवा मराठीचे हस्तरूप नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘आई कोठे गेली?’ हा प्रश्न तीत ‘आई – जाणे – कोठे’ अशा क्रमाने मांडला जातो, आणि प्रश्नाचा भाव भुवया व चेहरा यांतून व्यक्त होतो. सांकेतिक भाषांना अशी रचना असते, हे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवून दिले. भारतात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांची तुलना केली. तेव्हा सुमारे ७५ टक्के खुणा परस्परांशी संबंधित असल्याचे आढळले. प्रांतोप्रांती काही खुणा बदलतात. तथापि ज्याला ही भाषा येते, ते मूल गाव बदलले तरी सर्वस्वी मुके होत नाही.

‘खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही, आणि आपली मराठीही त्याला येणार नाही’, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती निराधार आहे. श्रवणयंत्र, वाचोपचार आणि सांकेतिक भाषा ही एकमेकांची वैरी नव्हेत. ज्याच्या मनात एक भाषा पक्की रुजली आहे, त्याला तिच्या आधारे मराठी वा हिंदी लिहावयास व वाचावयास शिकविता येते. मात्र त्यासाठी आईवडिलांनीही ती भाषा शिकली पाहिजे. केवळ शाळेत खुणा आणि घरी मौन, अशा स्थितीत भाषा वाढत नाही. स्वीडनमध्ये १९८१ मध्ये सांकेतिक भाषेला मान्यता मिळाली आणि पुढे कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी २४० तासांच्या शिक्षणाची तरतूद झाली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे, निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. परंतु पालकांच्या शिक्षणाचे असे तास त्यात नेमून दिलेले नाहीत. कारखान्यात पाळीने काम करणारा बाप आणि हिंदी जेमतेम समजणारी आई यांना वर्गाची वेळ सोयीची असणे व शिकवणी चित्रांच्या आधारे होणे, या लहान वाटणाऱ्या गोष्टींवर पुष्कळ काही अवलंबून असते.

साहाय्याची साधने नोएडा परिसरात आहेत. मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र तेथे आहे. २००५ पासून रुमा रोका यांनी स्थापन केलेली नोएडा डेफ सोसायटी कर्णबधिर तरुणांना सांकेतिक भाषेतून व्यवसायाचे शिक्षण देत आली आहे. शेजारच्या दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. केंद्र शासनाचे दिव्यांग ओळखपत्र देशभर ग्राह्य असल्याने ते गावाकडे काढलेले असले तरी चालते.

तरीही शब्दकोशापेक्षा मोठा आधार माणसांचा असतो. स्वतः कर्णबधिर असलेली, नोकरी व संसार करणारी प्रौढ व्यक्ती जेव्हा अशा घरी येऊ लागते, तेव्हा मुलाला भाषेचा जिवंत नमुना मिळतो आणि मातापित्यांना त्याच्या भवितव्याचे चित्र दिसते. गावी राहिलेल्या आजीचा दूरध्वनीवरील आवाज या नातवापर्यंत कधीच पोहोचत नव्हता. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती दिसते. ‘जेवलास का?’ एवढे विचारण्यापुरत्या चार खुणा ती शिकली, तरी परक्या नगरीतील त्या मुलाला आपल्या गोतावळ्यात जागा मिळते.