पाळीने पाहुणा, गावाला दहावा वाटा
लडाखच्या मारखा खोऱ्यातील घरगुती मुक्कामाची वाट

समजा, तुमच्या वाडग्यात रात्री बिबट्या शिरला. सकाळी उठून पाहावे तो एक-दोन नव्हे, दहा-पंधरा मेंढरे मरून पडलेली. त्याने खाल्ले असेल एखादेच. बाकीची त्या गडबडीत मारली गेली. अशा वेळी तुम्ही काय कराल? जुन्नर-संगमनेरकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न काही नवा नाही. पण याच प्रश्नाचे उत्तर हिमालयातल्या काही गावांनी जरा वेगळ्या वाटेने शोधले. वाचकहो, आज त्या वाटेनेच तुम्हाला चालवीत न्यायचे आहे.

गावे आहेत लडाखमधली. लेह शहराच्या दक्षिणेला, सिंधू नदी ओलांडली की हेमिस राष्ट्रीय उद्यान लागते. हे उद्यान १९८१ साली झाले. क्षेत्रफळाने देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान ते हेच. मात्र आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे ते नुसते रान नाही. त्याच्या पोटात रुंबक, युरुत्से, स्क्यू, मारखा, हंकर अशी नांदती गावे आहेत. कुठे पंधरा-वीस घरे, कुठे आठ-दहा. युरुत्से तर एकाच घराचे गाव! शेते त्यांची, कुरणे त्यांची, आणि त्याच डोंगरात हिमबिबट्याही. लडाखी भाषेत त्याला ‘शान’ म्हणतात.

वाडग्याला जाळी, घराला पाहुणा

पूर्वी शान वाडग्यात शिरला की लोक चिडून त्याला दगडांनी ठेचीत. त्यांना तरी दोष कसा द्यावा? सगळे वर्षच त्या चार जनावरांवर. भरपाई मिळाली तरी गेलेला कळप काही परत उभा राहत नाही. वाडगी दगडांची, वरून उघडी किंवा कशीबशी झाकलेली. आत उडी मारायला जनावराला वेळ लागत नाही.

साधारण २००० सालाच्या सुमारास रिंचेन वांगचुक या लडाखी गिर्यारोहकाने आणि हिमबिबट्याचे अभ्यासक रॉडनी जॅक्सन यांनी गावोगाव बैठका घेतल्या. शान वाचवा, असा उपदेश करून भागणार नव्हते. आधी वाडगी पक्की करायचे ठरले. वरून तारेची जाळी, भिंतीतली भोके बुजवलेली, दाराला घट्ट फळी. साहित्य बाहेरून आले, दगड-माती आणि मजुरी गावाने घातली. वाडगे बंद झाले की रात्रीचा मोठा संहार थांबतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पण दिवसा कुरणात एखादे मेंढरू जाणारच. ते नुकसान भरून कसे निघणार? लडाख पर्यटकांसाठी १९७४ साली खुले झाले. तेव्हापासून गावांवरून डोंगर भटकणाऱ्यांचे तांडे जात होते. तंबू लेहचे, स्वयंपाकी लेहचा, पीठ-तांदूळही लेहचे. गावाच्या पदरात काय? कचरा, आणि त्यांच्या घोड्या-खेचरांनी चरून टाकलेले गवत. लोकांचे म्हणणे एवढेच, की हे पाहुणे आमच्या घरात का राहत नाहीत? त्यातून २००२ च्या सुमारास रुंबकमध्ये घरगुती मुक्काम सुरू झाला आणि पुढे तो खोऱ्यातल्या इतर गावांत गेला.

याची रीत मोठी समजून घेण्यासारखी आहे. पाहुणे कोणत्या घरी जायचे, हे पाहुणा ठरवीत नाही आणि एजंटही नाही. गावाने पाळी लावलेली. आज या घरी, उद्या पुढच्या घरी. दर सगळ्यांचा एकच, म्हणजे भाव पाडून एकमेकांच्या पोटावर पाय द्यायचा प्रश्न उरत नाही. आलेल्या पैशातला दहावा वाटा गावाच्या सामायिक निधीत. त्यातून वाटेची साफसफाई, कचऱ्याची व्यवस्था, अशी गावकीची कामे. आणि पैसा पडतो तो मुख्यतः घरच्या बाईच्या हाती, कारण रांधणे-वाढणे, अंथरूण-पांघरूण पाहणे, सगळा कारभार तिचाच.

चला, वाटेला लागू

आता तुम्ही जायचेच म्हणालात तर काय काय लागेल, ते सांगतो. पहिली गोष्ट, घाई नको. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे दुपटीहून उंच. विमानातून उतरलात की हवा विरळ. डोके दुखते, भूक मरते, झोप लागत नाही. गडी कितीही धट्टाकट्टा असो, पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसता आराम करायचा आणि पाणी भरपूर प्यायचे. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, तोल जाऊ लागला, तर पुढे न जाता खाली उतरायचे. यात मर्दुमकी दाखवायला जाऊ नये. दरवर्षी माणसे याच हट्टापायी जिवाला मुकतात. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल त्याने निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारलेले बरे.

तिसऱ्या दिवशी जीपने झिंगचेनला. तिथून ओढ्याच्या काठाने चालत रुंबक. गाव जवळजवळ चार हजार मीटरवर. वाटेत उजाड, तांबडे-जांभळे कडे, झाडाचे नाव नाही, आणि एकदम वळणावर हिरव्यागार सातूची (जवाची) शेते! लडाखमध्ये वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. आपल्याकडे एका चांगल्या रात्रीत पडतो तेवढा. मग हे पीक येते कुठून? वरच्या बर्फाच्या पाण्यावर. पाणी पाटाने खाली आणतात आणि ते वाटायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला ‘चुरपोन’ म्हणतात. तो आपला पाटकरीच समजा. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे त्याच्या शब्दावर. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीची आठवण व्हावी, अशी ही शिस्त. गुरे-मेंढरे राखायलाही पाळी. एक घर एक दिवस साऱ्यांची राखते, बाकीचे आपापल्या शेतात. आता कळेल, पाहुण्यांची पाळी त्यांना कोणी बाहेरून शिकवावी लागली नाही. पाण्याची आणि मेंढरांची होतीच.

‘जुले’ म्हणा, घराचे दार उघडते. नमस्कार, रामराम, आभार, निरोप, सगळ्याला हा एकच शब्द. घरच्या बाईला ‘आमा-ले’ म्हणायचे. ते ‘ले’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखे मानाचे. घराचे मुख्य दालन म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध शेण्यांवर चालणारी लोखंडी चूल, भिंतीवर पितळ-तांब्याची भांडी ओळीने मांडलेली, आणि पाहुण्याला बसायला चुलीशेजारी गालिचा. आधी हातात येतो लोणी-मिठाचा चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होईल, पण थंडीत तोच तारतो. मग भाजलेल्या सातूचे पीठ, घरचा जाड ‘खंबीर’ पाव, संध्याकाळी ‘स्क्यू’, म्हणजे कणकेचे चपटे तुकडे भाजीच्या रशात शिजवलेले. आपली वरणफळे खाल्लेल्याला ते परके वाटणार नाही.

संडास पाहून काहीजण बिचकतात. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे. काम झाले की माती लोटायची. पाण्याचा थेंब लागत नाही. खाली साठलेले खत वसंतात शेतात जाते. जिथे पाणी मोजून वापरावे लागते आणि रासायनिक खत आणायला खर्च फार, तिथे यापेक्षा शहाणी सोय कोणती? उलट लेह शहरात हॉटेलांनी फ्लशचे संडास केले आणि बोअर घेतले, त्याचा ताण तिथल्या भूजलावर आला आहे. तेव्हा गावात जाऊन फ्लश मागू नका, बरं का.

खिंडीपलीकडे

रुंबकवरून युरुत्से, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांडा-ला खिंड चढायची. ती सुमारे ४,९०० मीटर. दहा पावले टाकावीत आणि उभे राहावे, असा चढ. माथ्यावर मंत्रांच्या रंगीत पताका फडफडतात. मागे स्तोक कांगरीचे हिमशिखर, पुढे झंस्कारच्या रांगा. पलीकडे उतरलात की शिंगो आणि मग दरीतून स्क्यू. दिवस मोठा आहे, घरून दिलेली शिदोरी जपून पुरवा.

स्क्यूपासून मारखा नदीच्या काठाने दिवसभराची चाल. मारखा हे खोऱ्यातले मोठे गाव, वर गोंपा, खाली पाणचक्की. वाटेत ठिकठिकाणी जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली गावातल्या बाया चहाचे दुकान मांडून बसलेल्या दिसतील. तिथे उकळून गाळलेले पाणी विकत मिळते, म्हणजे प्लास्टिकची बाटली घ्यायला नको. पुढे हंकर, मग निमालिंगचे उंच कुरण. इथे गाव नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ आणि तंबू. समोर कांग यात्से शिखर. शेवटच्या दिवशी कोंगमारू-ला ही सुमारे ५,२०० मीटरची खिंड ओलांडून शांग-सुमदोकडे उतरायचे आणि गाडीने हेमिसवरून लेह. एकूण सहा दिवस. जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा. नदी उतरावी लागते तिथे सकाळीच उतरावे. दुपारी बर्फ वितळून पाणी चढते.

दर व उद्यानाचे शुल्क वेळोवेळी बदलते, ते लेहमध्येच विचारून घ्यावे. रोख रक्कम जवळ ठेवावी. खोऱ्यात बँक नाही. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. आणि घरच्या माणसांचा फोटो काढण्यापूर्वी विचारावे. ती आपली यजमान आहेत, देखावा नव्हे.

फायदा झाला, प्रश्नही आले

शान वाचला का? २०२४ च्या जानेवारीत देशातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रीय मोजणी जाहीर झाली. एकूण अंदाज ७१८, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. ही सगळी पुण्याई घरगुती मुक्कामाची, असे म्हणणे चूक ठरेल. पण रुंबकमध्ये आता ऐन हिवाळ्यात, फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत, देशोदेशीचे लोक शान पाहायला येऊन राहतात. ज्या जनावराला दगड मारायचे, तेच आता चूल पेटती ठेवते. वाटाडेही गावचेच.

तरी सगळे गोड आहे असे समजू नका. चांगल्या शाळेसाठी पोरे लेहला जातात आणि तिकडेच राहतात. राखायला माणूस नाही म्हणून अनेक घरांनी मेंढ्या-बकऱ्या कमी केल्या. मेंढरे कमी म्हणजे लेंडीखत कमी, आणि खत नाही तर सातू कशावर येणार? दुसरे, मारखा खोऱ्यात मोटाररस्ता शिरला. गावकऱ्यांना तो हवाच होता. आजारी माणसाला पाठीवर वाहून नेणे काय असते, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण रस्ता आला तिथे चालणारा पाहुणा मुक्काम न करता गाडीतून पुढे निघून जातो. तिसरे, २०२० साली कोरोनाने पर्यटक एकदम बंद झाले. तेव्हा शेत पडीक टाकून नुसत्या पाहुण्यांवर विसंबणे किती धोक्याचे, हे दिसून आले. पाहुणा हे जोडपीक. मुख्य पीक शेतीच राहिली पाहिजे.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडेही राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पिठले-भाकरी रांधून देणारी घरे तुम्ही पाहिली असतील. पण बहुतेक ठिकाणी होते काय, तर रस्त्यालगतचा, जागा-भांडवल असलेला एकजण पुढे जातो आणि मागची वाडी बघत बसते. त्यातून भाऊबंदकी वाढते. रुंबकने हेच टाळले. सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटांच्या भगिनींनी याच्या चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाहुणा पाळीने जावा. दर गावाने एक ठरवावा. दहावा वाटा गावाचा असावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचावा. रक्कम घरच्या बाईच्या हाती पडावी.

आणि जिथे बिबट्याचा उपद्रव आहे, तिथे पहिला खर्च पाहुण्याच्या खोलीवर नव्हे, वाडग्याच्या जाळीवर व्हावा. रुंबकने सुरुवात तिथूनच केली होती. आपल्या मेंढपाळाचे, गोठेवाल्याचे जनावर रात्री सुरक्षित असेल, तरच तो बिबट्याबद्दल दुसरे काही ऐकून घेईल. येत्या ग्रामसभेत हा विषय निघावा, विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.