रात्रभरच्या कव्वालीची कॅसेट

विकत आणलेली भीमगीतांची कॅसेट शंभर वेळा वाजवा, गीत शंभर वेळा तसेच्या तसे वाजणार. भीमजयंतीच्या मंडपात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटचे मात्र तसे नसते. त्या रात्री गायक किती रंगला, ढोलकवाल्याचा हात कसा पडला, समोरच्या लोकांनी कोणत्या ओळीला 'वन्समोअर' दिला, हे सारे त्या फितीत उतरलेले असते. आम्हाला विचाराल तर खरी गोडी या दुसऱ्या कॅसेटमध्येच आहे.

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत अशा कॅसेटी अजून कित्येक घरांत आहेत. कुणाच्या पेटीत, कुणाच्या फडताळावर, कुणाच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात. एका घरी अशी कॅसेट लावली तेव्हा मधेच बक्षिसाचा पुकारा झाला, 'अमक्यांकडून ११ रुपये'. घरातली माउली हातातले काम टाकून उठली. ते तिच्या वडिलांचे नाव होते. वडील जाऊन कैक वर्षे झालेली. आवाज पुकारणाऱ्याचा होता, पण नाव बापाचे होते. असे सुख बाजारातल्या कॅसेटमध्ये कुठून मिळणार?

आमच्या शाहिरांचा सारा जोर कार्यक्रमात असायचा. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने मोठेपणी अक्षरे गिरवली आणि हजारो गीते रचून गावोगाव गायिली. गावात जे दिसले, ते गीतात यायचे. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज तर लांबच्या वस्तीलाही जाग आणायचा. आपल्या नागपूरकडे नागोराव पाटणकरांचे नाव निघाले की जुनी माणसे आजही सावरून बसतात. २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. आता हे आवाज मंडपात पुन्हा उठणार नाहीत.

कव्वालीच्या सामन्याचे तर विचारूच नका. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब जुळवायचा. कोरसने मुखडा धरून ठेवायचा आणि तेवढ्या वेळात गायकाने नवे कडवे मनात रचायचे. हे कडवे कागदावर नसायचे, पुढल्या गावात ते बदलायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर भोंग्यांना बंदी झाली. सणावारी सवलत मिळाली तरी ती १२ पर्यंतच. म्हणजे पहाटेपर्यंत चाललेला सामना नव्या पिढीने ऐकायचा तर या कॅसेटींवरच. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते. ती उलटवताना एखादे कडवे सुटून जाते. त्याने मन खट्टू करू नये. जे उरले तेही दुसरीकडे कुठे नाही.

हे वेड केवळ आपल्यालाच आहे असे नाही. अमेरिकेत १९६५ साली ग्रेटफुल डेड नावाचा बँड निघाला. हे लोकही एक गाणे दोनदा सारखे वाजवीत नसत. त्यामुळे श्रोते यंत्रे घेऊन येत. १९८४ पासून बँडने अशा श्रोत्यांसाठी बसायची वेगळी जागाच दिली. अट एकच, कॅसेटी आपसात वाटाव्या, विकू नयेत. त्यांच्या ८ मे १९७७ च्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २०१२ साली तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून स्वीकारले. त्यांच्या एका रात्रीला एवढा मान, मग आपल्या रात्रींना का नसावा? १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने गावेच्या गावे जागी केली, पण तेव्हा आपल्या वस्तीत यंत्र कुणाकडे असणार? पुढे आपल्या घरी यंत्र आले, आपण आवाज साठवला. आता तो आपल्याच पेटीत मरू देऊ नये.

कॅसेट हाती आली की प्रथम तिच्या पाठीवरचे दोन छोटे तुकडे मोडून टाकावेत. मग चुकून बटण दाबले तरी जुने पुसले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नये, जाणकाराला दाखवावी. टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावे. फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवावी, मगच वाजवावी. टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडली की आवाज त्यात उतरतो. हे काम घरातले पोरगे वा पोरगी सहज करील. सोबत वहीत गाव, तारीख, गायक, वादक, बक्षीस देणाऱ्यांची नावे लिहावीत. आम्ही कारकून माणसे, म्हणून सांगतो, नोंद नसलेली वस्तू असून नसल्यासारखी असते. ही नावे सांगू शकणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

विक्री मात्र करू नये. गायकाचे पोट त्याच्या कलेवर असते, त्याच्या घरच्यांना विचारूनच आवाज पुढे द्यावा.

येत्या १४ एप्रिलला डी.जे. वाजेलच. त्याआधी एका संध्याकाळी विहारात चटया अंथराव्या, एक जुनी कॅसेट लावावी आणि लेकरांना म्हाताऱ्यांच्या शेजारी बसवावे. कोणत्या ओळीला टाळी द्यायची, ते म्हातारे न सांगता शिकवतील.