बाळाची कॉट आणि अर्ध्या वितीची फट



गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाने चहाच्या वेळी सहज विचारलं, "दादा, बायको माहेरी गेलीय बाळंतपणाला. तोपर्यंत कॉट घेऊन ठेवावी म्हणतो. कुठली घेऊ?" मी बोलायला लागलो आणि त्याचा चहा थंड झाला तरी बोलतच होतो. त्याला वाटलं असेल की विचारलं आणि फसलो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला फार वाईट पद्धतीने मिळालेलं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. मस्कतमध्ये किंवा आखातात कुठेही पहिल्या बाळाची वाट पाहणाऱ्यांनी जरूर वाचा. बाकीच्यांनी वाचून भावाला-मेव्हण्याला पाठवा.

आमची मुलगी डिसेंबर २०२२ मध्ये कोल्हापूरला जन्मली. बायको माहेरी, मी अल खुवैरच्या फ्लॅटमध्ये एकटा. बाप होण्याचा उत्साह होता, पण हाताला काम काही नव्हतं. त्यात आमच्याच बिल्डिंगमधलं एक कुटुंब कायमचं भारतात परत चाललं होतं. इथली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. जाणाऱ्याचं सामान राहणारा घेतो: मिक्सर, सोफा, इस्त्रीचा टेबल आणि असलीच तर बाळाची कॉट. त्यांची कॉट चांगली दणकट, गडद लाकडी रंगाची होती आणि एक बाजू वर-खाली सरकणारी. त्यांनाही ती दुसऱ्या कुणाकडून मिळालेली. गादी हरवली होती. मी १५ रियाल दिले आणि खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर आणली.

सरकणाऱ्या बाजूच्या दोन प्लास्टिकच्या खिट्ट्यांपैकी एक तुटलेली होती. आपण पडलो इंजिनियर. सर्व्हर रूममधले चार केबल टाय आणले आणि ती बाजू अशी आवळली की मलाच माझं कौतुक वाटलं. मग एका दुकानातून 'बेबी मॅट्रेस' आणली. लेबलवर ६० बाय १२० सेंमी लिहिलं होतं. कॉटमध्ये टाकली तर बाजूला फट राहिली. म्हटलं, टॉवेलची गुंडाळी घालू. फोटो काढून कोल्हापूरला पाठवला. तिकडून 'मस्त' म्हणून उत्तर आलं.

आता ही फट का राहिली, ते सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. अमेरिकेत पूर्ण आकाराची कॉट आतून साधारण ७१ बाय १३३ सेंमी असते. युरोपात जास्त करून दोन मापं चालतात, ६० बाय १२० आणि ७० बाय १४०. अमेरिकेत राहणारा माणूस अमेरिकन कॉट घेतो, त्याच दुकानातून अमेरिकन गादी घेतो, आणि दोन्ही जमतात. युरोपातही आपापल्या मापात तसंच. आखातात मात्र सगळ्या जगाचा माल एका छपराखाली येतो. एका रांगेत अमेरिकन मापाची कॉट, पुढच्या रांगेत युरोपियन मापाची गादी. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, एकत्र आल्या की धोका. माझ्या बाबतीत ७१ मधून ६० गेले, राहिले ११ सेंमी. अर्धी वीत. लांबीत त्याहून जास्त. साधी वजाबाकी होती आणि ती मी केली नाही. सर्व्हरच्या रॅकमध्ये स्क्रूचं माप चुकलं तर मी माल परत पाठवतो.

बायको आणि मुलगी मार्च २०२३ मध्ये आल्या. सोबत सांगलीहून माझी आई आली. आईच्या बॅगेत दुपटी, झबली, आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी आणि मोहरी भरलेली छोटी उशी, बाळाचं डोकं गोल यावं म्हणून. कॉट बघून आई म्हणाली, "पिंजरा आहे रे हा." पण पोरगी त्यात झोपली. टॉवेलच्या जागी आईने गोधडीची गुंडाळी घातली, तेवढीच मऊ म्हणून.

एप्रिलच्या शेवटी ती पाच महिन्यांची होत आली होती आणि नुकतीच पालथी पडायला शिकली होती. एका रात्री तीनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो. मोबाईलच्या उजेडात कॉटकडे बघितलं. गादी एका बाजूला सरकली होती, गोधडी पायाशी गोळा झाली होती, आणि मुलगी पालथी होऊन गजांकडे गेली होती. अंग गादीवर आणि तोंड खाली, फटीत. आवाज काही नव्हता. मी तिला उचललं तेव्हा एक क्षण ती गप्प होती, मग तिने टाहो फोडला. इतकं रडणं ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. सकाळी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. आई आणि बायको दोघीही मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दोघी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी रजा टाकली आणि जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. अमेरिकेत वर-खाली सरकणाऱ्या बाजूच्या कॉटवर २८ जून २०११ पासून बंदी आहे. २००० सालापासूनच्या दहा वर्षांत अशा कॉटमध्ये किमान ३२ बाळं दगावली होती. २००७ नंतर तिथे एक कोटी दहा लाखांवर धोकादायक कॉट परत मागवल्या गेल्या, आणि त्यात मोठा वाटा या सरकत्या बाजूवाल्यांचा होता. कारण ऐकून माझे कान गरम झाले. खिट्ट्या तुटतात, हरवतात, घरचा माणूस स्वतःच्या डोक्याने काहीतरी जुगाड करतो, बाजू एका कोपऱ्यात सुटते आणि फटीत बाळ अडकतं. म्हणजे माझे केबल टायच की! कॉट जेवढ्या वेळा खोलून परत जोडली जाते, तेवढी ती सैल होते. आणि आपल्या इथल्या कॉट तर तीन-तीन घरं फिरून आलेल्या असतात.

तर आता मापं. दुकानात टेप घेऊन जा, लाजू नका, सेल्समन हसला तर हसू दे. गजांमधलं अंतर अमेरिकन नियमाप्रमाणे ६ सेंमीच्या वर नको, युरोपियन नियमाप्रमाणे ४.५ ते ६.५ सेंमी. टेप विसरलात तर पेप्सीचा नेहमीचा जाडा कॅन घ्या. तो गजांमधून आरपार गेला तर कॉट तिथेच सोडून या. गादी आणि बाजू यांच्यात दोन बोटं जाता कामा नयेत. युरोपियन हिशोबाने गादी एका कडेला सरकवल्यावर दुसरीकडे जास्तीत जास्त ३ सेंमी. गादी मध्यावर ठेवून मोजू नका. मी मोजली असती तरी मध्यावरच ठेवून मोजली असती, आणि फट निम्मी दिसली असती. तळ सगळ्यात खाली असताना तळापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत निदान ६० सेंमी हवेत. बाळ बसायला लागलं की तळ खाली घ्यायचा. हे काम 'पुढच्या शुक्रवारी करू' म्हणून राहतं, आणि त्या शुक्रवारच्या आधीच बाळ कठडा धरून उभं राहतं. खेळण्यांच्या खोक्यावर दिसणारा जी-मार्क बघून निर्धास्त होऊ नका, तो खेळणी आणि घरगुती विजेच्या वस्तूंसाठी आहे. कॉटवर युरोपियन ईएन ७१६ लिहिलंय का ते बघा. जुनी कॉट असेल तर रंगाचाही विचार करा. दात येताना पोरं कठडा उंदरासारखी कुरतडतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं.

गादीबद्दल आईचं आणि माझं भांडण झालं, तेही सांगतो. आपल्या मनात बाळाचं सुख म्हणजे मऊपणा. म्हणून मऊ गादी, उशी, दोन्ही बाजूंना लोड, वर दुलई. बाळाला मात्र कडक आणि सपाट लागतं. हाताने दाबून सोडली की गादी लगेच वर आली पाहिजे, हाताचा खड्डा राहता कामा नये. तोंड मऊ गोष्टीत रुतलं की बाळ स्वतःचाच उच्छ्वास परत आत घेत राहतं, आणि मान वळवायची ताकद त्याच्यात नसते. कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, ज्या दुकानात ससे-हत्ती काढून इतक्या गोड दिसतात, त्यांच्यावरही २०२२ च्या कायद्याने अमेरिकेत बंदी आली. उतरत्या पाळण्यांवरही त्याच कायद्याने. त्याआधी २०१९ मध्ये तसल्या एकाच प्रकारच्या ४७ लाख पाळण्यांची परत-मागणी झाली होती. इथल्या जुन्या सामानात हे दोन्ही अजून सापडू शकतं, सांभाळून.

आईचा पहिला मुद्दा होता की बाळाला उताणं झोपवलं तर दूध वर येऊन घशात अडकेल. मी कागदावर चित्र काढलं. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. दुधाला वर चढून श्वासनलिकेत जावं लागेल. पालथं असताना उलट होतं. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने उताणं झोपवा म्हणून सांगितलं, १९९४ पासून मोठी मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आलं. आई शाळेत शिक्षिका होती, चित्र तिला पटलं. मोहरीची उशी पटायला आठवडा लागला. डोकं गोल यावं म्हणून जागेपणी रोज पोटावर खेळवा, असं डॉक्टरांनी स्वतः तिला सांगितलं, तेव्हा ती उशी कपाटात गेली.

झोळीचं मात्र आईने सोडलं नाही, आणि तिच्या बोलण्यात तथ्य होतं. "तू झोळीतच मोठा झालास," ती म्हणाली. खरं आहे, सांगलीच्या घरातली ती कडी अजून छताला आहे. पण त्या झोळीशेजारी दिवसभर कोणीतरी असायचं. आजी, काकू, शेजारची ताई, झोका देणारा हात चालूच. इथे दोन खोल्या, बंद दार आणि रात्री दमून झोपलेले दोघं. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तेवढ्याने लहान श्वासनलिका दबू शकते. जागं माणूस बाजूला असेल तर ते दिसतं, झोपलेल्याला दिसत नाही. शेवटी आमचा तह झाला: दिवसा, आई समोर बसलेली असताना झोळी. रात्री कॉट.

या बाबतीत मला न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं कौतुक वाटतं. त्यांच्यातही आई आणि बाळ एकत्र झोपायची जुनी रीत. नुसतं 'हे करू नका' म्हणून कोण ऐकणार? तेव्हा २००६ च्या सुमाराला तिथे हरकेके नावाच्या झाडाच्या पात्यांची विणलेली टोपली पुढे आली, वहाकुरा. आत छोटी सपाट गादी, आणि टोपली आईच्या अंथरुणावरच. बाळ जवळ आणि जागा त्याची स्वतःची. फिनलंडमध्ये सरकार १९३८ पासून बाळंतविड्याचं पुठ्ठ्याचं खोकं देतं, १९४९ पासून सगळ्या आयांना. तळाशी गादी, आणि कितीतरी फिनिश बाळांची पहिली झोप त्या खोक्यातच झाली. म्हणजे महागड्या लाकडाशी याचा काही संबंध नाही. बजेट कमी असेल तर नवी साधी कॉट घ्या, जुनी भारी नको.

ज्यांच्याकडे बाळ आईजवळच झोपतं त्यांना उपदेश करायची माझी लायकी नाही. एवढंच सांगतो की बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नका, तो सगळ्यात वाईट. आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर एका अंथरुणात मुळीच नको. कॉट पहिले सहा महिने तरी आपल्याच खोलीत असू द्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं थोडं. ब्रिटनमधले लोक बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० सांगतात. मस्कतच्या जूनमध्ये ते ऐकून आमचा एसी हसेल :-) आम्ही २५ वर ठेवतो, अंगात एक पातळ सुती झबलं, पांघरूण नाही. हातपाय गार लागले तर घाबरू नका, मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा. घाम असेल तर कपडा कमी करा. एसीचा झोत थेट कॉटवर नको, पडद्याची दोरी हाताला येईल अशी नको. गादीवरचं रेक्झिन थेट अंगाला लागलं तर पाठ घामाने भिजते आणि पुरळ येतं, वरून घट्ट बसणारी सुती चादर हवी. सैल चादर नको, तिचा गोळा होतो.

नवी कॉट आम्ही त्याच आठवड्यात घेतली, ६० बाय १२०, चारही बाजू पक्क्या, गादी त्याच कंपनीची. दोन्हींची बेरीज ६५ रियाल. दुकानातच गादी घालून, कडेला सरकवून, बोटं घालून बघितली.

राहिली जुनी कॉट. विकायचा प्रश्नच नव्हता. खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली असती तर तासाभरात कोणीतरी उचलून नेली असती, आणि ती चौथ्या घरी गेली असती. म्हणून करवत आणली आणि बाल्कनीत बसून तोडायला घेतली. आई दारात उभी राहिली. पाळणा मोडू नये म्हणतात, ते तिला बोलायचं होतं हे मला दिसत होतं. थोड्या वेळाने आत गेली, जुनं वर्तमानपत्र आणलं, भुसा पडेल तिथे पसरलं आणि कॉटची दुसरी बाजू धरून बसली. गज तेवढे तिने बाजूला काढून ठेवायला सांगितले. मे महिन्यात ती परत गेली. थंडी पडल्यावर फोन आला, "ते गज कुंडीत रोव आणि तोंडलीचा वेल चढव." आता वेल कठड्यापर्यंत गेलाय.