श्रावणात दिवाळीची गोष्ट

सकाळी सहा. बाहेर श्रावणाची भुरभुर आहे आणि मला दिवाळीची पहाट लिहायची आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी पावसाळ्यातच सुरू होते. संपादकांना मजकूर गणपतीच्या आत हवा असतो. त्यानंतर चित्रं, मुद्रितं, छपाई, बांधणी. माझी गोष्ट मुलांच्या विभागासाठी आहे आणि विषय किल्ल्याचा. सुरुवातीचा परिच्छेद लिहून मी थांबते. पुढचं काम दोघींचं आहे आणि दुसरी अजून झोपली आहे. माझी नात, इयत्ता चौथी.

साडेआठ. आज रविवार. दूध पिता पिताच ती विचारते, “आजी, किल्ला कोणता घेतलास?” ते तूच ठरवायचंस, मी म्हणते. ती लगेच म्हणते, राजगड. आम्ही गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने राजगडावर गेलो होतो, म्हणून असेल असं मला वाटलं. पण तिचं कारण निराळं होतं. “अगं, राजगडाला तीन माच्या आहेत. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. मुलं तिघं घ्यायची. प्रत्येकाला एकेक माची. मग भांडणच नाही.”

“आणि बालेकिल्ला?”

“तो सगळ्यांचा.”

कथेचा सांगाडा इथेच उभा राहिला. रायगड किंवा प्रतापगड घेतला असता तर ही वाटणी सुचली नसती. किल्ल्याच्या रचनेतूनच गोष्टीची रचना निघाली आणि ती काढली नऊ वर्षांच्या मुलीने.

दहा. ती सांगते, मी टाइप करते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर दिवाळीत किल्ला होतो, त्यामुळे तिला सगळं हातांनी ठाऊक आहे. तळाला विटा आणि दगड. त्यावर भिजवलेलं गोणपाट, नाहीतर माती घसरते. मग लाल मातीचा चिखल थापायचा. पायऱ्या पट्टीने कापायच्या. विहिरीसाठी स्टीलची वाटी पुरायची, ती घरातून कोणाला न विचारता आणायची असते. “हे लिही हं,” ती बजावते. मी लिहिते. हळीव कसं पेरायचं, हेही तिच्याकडूनच घेते. “भिजवायचं नाही. भिजवलं की ते बुळबुळीत होतं, गोळे होतात. ओल्या मातीवर कोरडंच भुरभुरवायचं आणि वरून हाताने पाणी शिंपडायचं. आणि आधी पेरायचं, म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवं होतं.” लाडवाचं हळीव मी आयुष्यभर भिजवत आले. किल्ल्याचं शास्त्र वेगळं.

मावळे कुंभारवाड्यातले. सिंहासनावरचे महाराज, तोफ, घोडेस्वार, दारावरचे पहारेकरी. गुहेत प्लॅस्टिकचा वाघ हवाच, त्याशिवाय तिच्या मते तो किल्लाच नव्हे. इतिहासाला धरून नाही, पण किल्ला करणाऱ्या मुलांना धरून आहे, आणि गोष्ट त्यांची आहे. वाघ ठेवला.

दीड. वरण-भात, मग ती खाली खेळायला. मी लिहिलेलं नीट लावून घेते.

चार. आता खरी अडचण. तिघांपैकी एक मुलगा दिवाळीनंतर नागपूरला जाणार, वडिलांची बदली झाली आहे. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा. माच्या तिघांच्या तीन, पण महाराज एकच. ते कोणाच्या घरी राहणार? मी शेवट सुचवत नाही, फक्त विचारते. अशा वेळी मोठ्यांनी गप्प बसणं फार गरजेचं असतं. आपण भुवई जरी उंचावली तरी मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं.

ती बराच वेळ खिडकीच्या गजांना धरून उभी राहते. मी मनात म्हणते, जाणाऱ्याला महाराज देऊन टाकतील. मोठ्या माणसाने तसंच लिहिलं असतं. डोळ्यांत पाणी आणणारा शेवट आहे तो. ती मात्र म्हणते, “महाराज इथेच राहणार. पुढच्या वर्षी गड इथे होणार ना? गड सोडून महाराज कसे जातील? त्याला घोडेस्वार द्यायचा. घोडेस्वारच लांब जातो.”

यात रडारड नाही, त्यागाचं भाषण नाही. जाणाऱ्या मुलाला नुसती भेट मिळत नाही, कामगिरी मिळते. त्यामुळे तो नागपूरला गेला तरी गडाचाच राहतो. मी कितीही बसले असते तरी हा शेवट मला सापडला नसता, आणि या गोष्टीला दुसरा शेवट शोभलाही नसता.

साडेसहा. मोठ्याने वाचन. जिथे ती चुळबुळ करते तिथे मी पेन्सिलीची खूण करते. आईचं लांबलचक बोलणं उडालं. सूर्योदयाचं वर्णन एका वाक्यावर आलं. उटण्याचा वास राहिला, तो तिला आवडला. एका ठिकाणी मी हटले नाही. सुवेळा माचीच्या नेढ्यातून वारा येतो, हे वाक्य तिला नको होतं, पण पुढे घोडेस्वार त्याच नेढ्यातून दूर पाहतो. कारण सांगितल्यावर तिने मान्य केलं. जोडीने लिहायचं तर दोघींना नाही म्हणता आलं पाहिजे. नुसतं कौतुक म्हणून मुलाला बसवून घेतलं, तर ते त्याला लगेच कळतं.

नऊ. गोष्ट मेलने गेली. लेखकांच्या जागी दोन नावं, आधी तिचं. मानधन आलं की अर्धं तिचं, हे घरात सांगून ठेवलं आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती आहे. मुलांचा विभाग ठरवताना गोष्टी एखाद्या मुलाला वाचून दाखवा आणि ते जिथे कंटाळेल तिथे लेखकाला परत लिहायला सांगा. आणि गोष्टीत मुलाचा खरा वाटा असेल, तर त्याचं नाव ‘साहाय्य’ म्हणून तळाला बारीक अक्षरात टाकू नका. वर, लेखकाच्या शेजारी छापा.